हापूस, कोळंबी, काजू आणि जिनिव्हाचे करार: कोकणात राहून शेतमालाचा आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा कसा शिकायचा

१ मे २०१४ पासून युरोपियन युनियनने भारताचा आंबा बंद केला हे कोकणात सगळ्यांना आठवतं, पण त्याच यादीत वांगी, कारली, पडवळ आणि चक्क अळूची पानंसुद्धा होती हे फार कमी लोकांना माहीत असतं. आदल्या वर्षी २०७ कन्साइनमेंटमध्ये फळमाशी आणि बाकीची कीड सापडली असं कारण दिलेलं. जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी उठवायचं ठरलं, म्हणजे त्या सीझनचा मोठा भाग हातचा गेला. त्या काळात रत्नागिरी, देवगडात चर्चा एकच, आपल्या हापूसला मुद्दाम बदनाम करतात. पण ही बंदी कुठल्या कराराखाली घातली, त्यासाठी युरोपला काय पुरावा द्यावा लागतो, आपण उलट काय मागू शकतो, हे विचारणारं कोणी नव्हतं, कारण ते वाचणारी माणसंच आपल्याकडे नाहीत. मला ही गोष्ट मनापासून खटकते. जगात माल पाठवणाऱ्या पट्ट्यात हा कायदा समजणारी पोरं तालुक्याला दोन-चार तरी पाहिजेत. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

हे कोणासाठी, तर लॉ करणाऱ्यांसाठी, दापोलीच्या कृषी विद्यापीठातून नाहीतर शिरगावच्या फिशरीज कॉलेजमधून बाहेर पडलेल्यांसाठी, ज्यांच्या घरात बाग, काजूचा कारखाना किंवा बोट आहे त्यांच्यासाठी, आणि जेएनपीटीला कस्टम्स ब्रोकरकडे काम करणाऱ्यांसाठी पण. लॉची डिग्री नसली तरी निम्मा अभ्यास होतो. इंग्रजी वाचायची तयारी मात्र हवी, त्याला पर्याय नाही, सगळे करार इंग्रजीतच वाचावे लागतात.

पहिली पायरी: एक माल धरा

जाडजूड पुस्तक आणून पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. बहुतेक जण तिथेच सोडून देतात, कारण पहिली शंभर पानं गॅटचा, म्हणजे जागतिक व्यापाराच्या जुन्या मूळ कराराचा इतिहास आणि संस्थांच्या रचनेत जातात आणि आपल्या गावाशी त्याचा संबंध काय हे कळतच नाही. त्यापेक्षा तुमच्या तालुक्यातला एक माल निवडा. आंबा, काजू, कोळंबी, काहीही चालेल, पण एकच. आणि वर्षभर तोच धरून ठेवा.

मग त्याचा एचएस कोड शोधा, म्हणजे कस्टम्समध्ये त्या मालाला दिलेला नंबर. आंबा ०८०४५०, टरफलासकट काजू बी ०८०१३१, सोललेला काजूगर ०८०१३२, फ्रोजन कोळंबी ०३०६१७. हे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, त्याच्या पुढचे आकडे प्रत्येक देश आपले लावतो, आपल्याकडे एकूण आठ. ड्यूटी किती, कुठला एफटीए (दोन देशांमधला मुक्त व्यापार करार) लागतो, कुठली तपासणी लागते, सगळं या कोडवर चालतं. त्यामुळे तो पाठच करून टाका.

एक वही करा आणि तिचे तीन भाग पाडा: इथला कायदा, तिथला कायदा आणि दोघांच्या मधला करार. माल फळबागेतून किंवा जेटीवरून निघून परदेशातल्या दुकानात पोचेपर्यंत जो कागद, जी तपासणी, जी ड्यूटी आडवी येते ती या तीनपैकी कुठे बसते ते लिहीत जा. बाकी सगळा अभ्यास या वहीत भर घालण्याचा.

दुसरी पायरी: एक कागद जवळून वाचा

ओळखीच्या एक्स्पोर्टरकडून किंवा पॅकहाउसमधून जुन्या कन्साइनमेंटच्या फायटोची झेरॉक्स मागून घ्या. फायटो म्हणजे फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, आपल्या मालात कीड-रोग नाही असं भारत सरकार दुसऱ्या देशाच्या सरकारला लिहून देतं तो कागद. ओळ न् ओळ वाचा. पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव, पेट्या किती, त्यावरच्या खुणा काय, माल कुठला, कुठल्या पोर्टला उतरणार, आणि झाडाचं शास्त्रीय नाव, मँजिफेरा इंडिका. त्याखाली अ‍ॅडिशनल डिक्लरेशन नावाचा रकाना असतो, समोरच्या देशाने खास काही अट घातली असेल तर ती तिथे येते. आणि सगळ्यात खाली ट्रीटमेंट: तारीख, पद्धत, तापमान, किती वेळ.

या खालच्या रकान्यात अख्खा कायदा बसलाय. अमेरिकेने आपला आंबा २००७ मध्ये परत घ्यायला सुरुवात केली तेव्हा अट होती किमान ४०० ग्रे डोसच्या विकिरणाची, म्हणून पहिला माल लासलगावच्या केंद्रातून गेला. जपानने २० वर्षांची बंदी २००६ मध्ये उठवली ती व्हेपर हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे फळाला गरम वाफ द्यायच्या अटीवर. फळ तेच, माशी तीच, पण प्रत्येक देशाचं उत्तर वेगळं, आणि तसं वेगळं ठेवायचा हक्क त्यांना करारानेच दिलाय. कागदाचं वजन किती असतं ते २०२५ च्या मे महिन्यात दिसलं, विकिरणाच्या कागदपत्रात त्रुटी आहेत म्हणून अमेरिकेने आंब्याची १५ कन्साइनमेंट नाकारली. माल तिथेच नष्ट करा नाहीतर परत न्या. परत आणायचा खर्च मालाच्या किमतीपेक्षा जास्त, म्हणजे पर्यायच राहिला नाही.

तिसरी पायरी: करार वाचायचा क्रम

डब्ल्यूटीओ, म्हणजे जिनिव्हातली जागतिक व्यापार संघटना, १ जानेवारी १९९५ ला सुरू झाली, सगळे करार त्यांच्या वेबसाइटवर फुकट आहेत. पण क्रम महत्त्वाचा. माझा सल्ला, एसपीएस करारापासून सुरुवात करा. १४ आर्टिकल आणि थोडी परिशिष्टं, दोन संध्याकाळी वाचून होतो. अन्न सुरक्षा आणि माणसं, जनावरं, झाडं यांच्या रोगराईबद्दलचा करार. आर्टिकल २.२ म्हणतं की पुरेसा शास्त्रीय पुरावा असल्याशिवाय असा उपाय चालू ठेवता येणार नाही. ५.१ म्हणतं जोखमीचं मूल्यमापन करा. पुरावा अपुरा असेल तर ५.७ खाली तात्पुरता उपाय करता येतो, पण पुढची माहिती गोळा करायची आणि वाजवी मुदतीत फेरविचार करायचा ही जबाबदारी येते. आर्टिकल ३ मध्ये तीन आंतरराष्ट्रीय संस्थांची मानकं धरलीयत, अन्नासाठी कोडेक्स, झाडांसाठी आयपीपीसी आणि जनावरांसाठी पूर्वीची ओआयई. आर्टिकल ६ मात्र कोकणातल्या माणसाने दोनदा वाचावं. त्यात लिहिलंय की एखाद्या देशातला ठरावीक भाग कीडमुक्त किंवा कमी किडीचा असेल तर घेणाऱ्या देशाने ते विचारात घ्यायचं, पण ते सिद्ध करायचं काम विकणाऱ्याचं. आता विचार करा, दापोली विद्यापीठाचा फळमाशीसाठीचा रक्षक सापळा आपल्याकडे ठिकठिकाणी लागलेला असतो, त्यात पडलेल्या माश्यांची मोजणी आठवड्याला लिहून ठेवणारे किती? या आर्टिकलखाली बोलायचं असेल तर तशी वर्षानुवर्षांची आकडेवारी लागते, नुसतं आमची बाग स्वच्छ आहे म्हणून भागत नाही.

मग टीबीटी करार घ्या, लेबल, पॅकिंग, ग्रेडिंग यांचा. त्यानंतर गॅट १९९४ मधली थोडीच आर्टिकल: १, २, ३, ११ आणि २०. शेतीचा करार, म्हणजे अ‍ॅग्रीमेंट ऑन अ‍ॅग्रिकल्चर, सगळ्यात शेवटी. लोक उलटं करतात, शेती आहे म्हणून शेतीचाच करार पहिला उघडतात आणि अंबर बॉक्स, ग्रीन बॉक्स, ब्लू बॉक्स या सरकारी मदतीच्या वर्गवारीत अडकतात. त्याचे तीन खांब लक्षात ठेवा: बाजार प्रवेश, देशांतर्गत मदत, निर्यात स्पर्धा. भारतासारख्या विकसनशील देशाला व्यापार बिघडवणाऱ्या मदतीत पिकाच्या उत्पादन मूल्याच्या १० टक्क्यांपर्यंत सूट आहे, पण हिशोब धरताना बाहेरची संदर्भ किंमत १९८६ ते ८८ मधली धरायची. सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात. तांदळाचा हमीभाव त्या जुन्या किमतीशी तोलला की मदत फुगून दिसते. म्हणून २०१३ च्या बाली परिषदेतला पीस क्लॉज आला, म्हणजे मर्यादा ओलांडली तरी त्यावरून तंटा करायचा नाही ही सवलत, आणि तांदळासाठी तो वापरणारा पहिला देश भारत.

चौथी पायरी: केसेस

डब्ल्यूटीओच्या प्रत्येक तंट्याला डीएस नंबर असतो. आधी त्यांच्या एका पानाच्या केस समरीज वाचा, मग मूळ रिपोर्टमधला फक्त निष्कर्षांचा भाग, आणि मगच युक्तिवाद. सुरुवातीला तीन केसेस पुरे.

पहिली डीएस२३१, तारलीची केस म्हणा ना. युरोपचा नियम होता की डब्यावर सार्डिन लिहायचं तर आत त्यांच्याकडचाच एक ठरावीक मासा हवा. पेरूचा मासा दुसऱ्या जातीचा. पण कोडेक्सचं मानक म्हणत होतं की बाकीच्या जातीसुद्धा देशाचं किंवा भागाचं नाव जोडून सार्डिन म्हणून विकता येतात, आणि त्या यादीत आपली तारलीही आहे, सार्डिनेला लाँगिसेप्स. २००२ मध्ये पेरू जिंकला. कोडेक्सचं मानक देशांवर थेट बंधनकारक नसलं तरी ते बाजूला ठेवायचं तर कारण दाखवावं लागतं, हे या केसमधून नीट कळतं.

दुसरी डीएस५८, यूएस श्रिंप, आणि ही मी प्रत्येकाला पूर्ण वाचायला सांगतो. अमेरिकेच्या एका कायद्यातलं सेक्शन ६०९ म्हणतं की समुद्री कासवं वाचवणारं यंत्र, टेड, जाळ्याला न लावता पकडलेली कोळंबी आम्ही घेणार नाही. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड विरोधात गेले. १९९८ मध्ये अपीलेट बॉडीने, म्हणजे डब्ल्यूटीओच्या अपील ऐकणाऱ्या मंडळाने, जे सांगितलं ते बारकाईने बघा. कासवं ही संपुष्टात येऊ शकणारी नैसर्गिक संपत्ती आहे आणि तिच्या रक्षणासाठी गॅटच्या आर्टिकल २०(जी) खाली उपाय करता येतो, इथपर्यंत अमेरिका बरोबर. पण तो उपाय राबवताना कॅरिबियन भागातल्या देशांना तीन वर्षं दिली आणि आशियातल्या देशांना चार महिने, काही देशांशी बोलणी केली आणि आपल्याशी नाही, हा भेदभाव आर्टिकल २० च्या सुरुवातीच्या परिच्छेदात बसत नाही. म्हणजे अमेरिका हरली पण तिचा कायदा वाचला. त्यांनी नियमावली बदलली, मलेशियाने परत आव्हान दिलं, तेव्हा २००१ मध्ये अमेरिका जिंकली.

आता मिरकरवाड्याला नाहीतर हर्णैला जाऊन ट्रॉलरवाल्याला विचारा. २०१९ पासून भारताची समुद्रात पकडलेली कोळंबी अमेरिकेत जात नाही, त्याच सेक्शन ६०९ मुळे. तळ्यातल्या कोळंबीला ही बंदी लागू नाही, पण आपल्या किनाऱ्यावरची बरीचशी समुद्रातलीच. एका बाजूला वेळासला गावकरी ऑलिव्ह रिडलेची अंडी राखतायत, पिल्लं समुद्रात सोडतायत, आणि दुसऱ्या बाजूला जाळ्याला टेड नाही म्हणून शेजारच्या बंदरातल्या माणसाचा भाव पडतो. ट्रॉलरवाल्यांचं म्हणणं असतं की टेड लावलं की मासळीही निसटते, आणि ते उडवून लावण्यासारखं नाही, तो रोजच्या पोटाचा प्रश्न आहे. पण कायद्याच्या बाजूने ही लढाई १९९८ आणि २००१ मध्ये झालेली आहे. आता हुशारी ही की आपल्या जाळ्याला जमेल असं टेड आणि त्याची सबसिडी यावर जोर लावायचा. माझं हे ठाम मत केस वाचूनच झालंय.

तिसरी डीएस४३०, यात आरोपी आपणच. बर्ड फ्लूच्या कारणावरून भारताने कोंबडी आणि अंड्यांची आयात अडवली, अमेरिका डब्ल्यूटीओत गेली, आणि २०१५ मध्ये आपण हरलो: जोखमीचं मूल्यमापन केलेलं नाही, आंतरराष्ट्रीय मानकाला धरून नाही, आणि आर्टिकल ६ पाळलेलं नाही. हापूससाठी जे आर्टिकल ६ आपण मागू, तेच इथे आपण दुसऱ्याला नाकारलं होतं. दोन्ही बाजूंनी वाचायची सवय या केसने लागते.

एक लक्षात असू द्या, डिसेंबर २०१९ पासून अपीलेट बॉडीच ठप्प आहे, नेमणुकाच होत नाहीत. त्यामुळे साखरेच्या सबसिडीच्या केसमध्ये भारत पॅनेलसमोर, म्हणजे पहिल्या पातळीवर, हरल्यावर जानेवारी २०२२ मध्ये अपील केलं आणि ते तसंच लोंबकळतंय. म्हणून हल्ली बोलणी आणि एफटीए यांना जास्त महत्त्व आलंय. यूएई, ऑस्ट्रेलिया, ईएफटीए देश (स्वित्झर्लंड, नॉर्वे वगैरे), यूके, या करारांमधला ड्यूटीचा तक्ता आणि रूल्स ऑफ ओरिजिनचा (माल कुठल्या देशाचा धरायचा त्या नियमांचा) भाग तुमच्या मालापुरता वाचा, अख्खे करार वाचत बसू नका.

पाचवी पायरी: काजूवर एक सराव

हा सराव प्रत्येकाने लिहून करावा. परदेशातला स्वस्त काजूगर येऊन इथला भाव पाडतो ही कोकणातल्या बागायतदाराची आणि कारखानदाराची जुनी तक्रार. जून २०१९ मध्ये डीजीएफटीने, म्हणजे केंद्राच्या परदेशी व्यापार खात्याने, किमान आयात किंमत लावली, अख्ख्या काजूगराला किलोला ७२० रुपये आणि तुकड्याला ६८०, त्याखालच्या किमतीचा माल आत येऊ द्यायचा नाही. आता शेतीच्या कराराचं आर्टिकल ४.२ उघडा आणि त्याची तळटीप वाचा. ज्या उपायांचं रूपांतर साध्या ड्यूटीत करायचं ठरलं त्यांच्या यादीत किमान आयात किंमत स्पष्ट लिहिलेली आहे. मग चिलीच्या प्राइस बँडची (किमतीच्या पट्ट्याप्रमाणे बदलणाऱ्या आयात ड्यूटीची) केस बघा, डीएस२०७. आणि दोन-दोन पानांची दोन टिपणं लिहा, एक भारताच्या बाजूने आणि एक समोरच्या देशाच्या बाजूने. नंतर विचार करा की काजूवाल्याला टिकाऊ संरक्षण द्यायचं तर भारताची बाउंड ड्यूटी, म्हणजे डब्ल्यूटीओत कबूल केलेली कमाल ड्यूटी किती, प्रत्यक्ष लावलेली किती आणि मधे जागा किती. हे आकडे डब्ल्यूटीओच्या टॅरिफ डेटाबेसमध्ये मिळतात. आपल्या लोकांचं भलं व्हावं असं वाटत असेल तर कोर्टात टिकेल असा मार्ग शोधता आला पाहिजे.

सहावी पायरी: इथला आणि तिथला कायदा

इथले कायदे पटापट: फॉरेन ट्रेड कायदा १९९२, कस्टम्स कायदा १९६२, निर्यात तपासणीचा १९६३ चा कायदा, एमपीईडीए (समुद्री माल निर्यात प्राधिकरण) १९७२, अपेडा (शेतमाल निर्यात प्राधिकरण) १९८५, एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) २००६ चा कायदा. मूळ कायदा एकदा वाचा पण खरं काम नोटिफिकेशन्समध्ये असतं. आंब्यासाठी अपेडाची मँगोनेट नोंदणी बघा, पेटी कुठल्या बागेतून आली ते तिच्यावरून मागे शोधता येतं. हापूसच्या जीआयसाठी, म्हणजे भौगोलिक मानांकनासाठी, १९९९ चा जीआय कायदा आणि ट्रिप्सची (डब्ल्यूटीओच्या बौद्धिक संपदा कराराची) आर्टिकल २२, २३. हापूसला २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर मिळून जीआय मिळालं, पण २३ मधलं वरच्या दर्जाचं संरक्षण फक्त वाइन आणि स्पिरिट्सना आहे, आंब्याला नाही.

तिकडच्या बाजूला युरोपचे दोन नियम आधी घ्या. कीटकनाशकाच्या अंशांचा ३९६/२००५, ज्यात वेगळी मर्यादा ठरवलेली नसेल तिथे किलोला ०.०१ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे इथे सर्रास मारलेलं औषध तिथे नोंदलेलं नसेल तर जवळजवळ शून्यच. आणि बेकायदा मासेमारीविरुद्धचा १००५/२००८, ज्यामुळे कॅच सर्टिफिकेट लागतं. आरएएसएफएफ या युरोपच्या अन्नविषयक इशारा यंत्रणेची वेबसाइट महिन्यातून एकदा उघडून भारतावर फिल्टर लावा, कुठला माल कशासाठी अडला ते सगळं उघड दिसतं. अमेरिकेची एफडीए सुद्धा नाकारलेल्या मालाची यादी टाकते.

मच्छीमारांच्या घरच्यांनी फिशरीज सबसिडीचा करारही वाचावा. १७ जून २०२२ ला मंजूर झाला, १५ सप्टेंबर २०२५ ला लागू झाला. सध्या त्यात बेकायदा मासेमारी, घटलेले साठे आणि नियमाबाहेरचा खोल समुद्र एवढंच आहे. पण जास्त क्षमता आणि जास्त मासेमारीचा दुसरा भाग वाटाघाटीत आहे, डिझेल परताव्यासारख्या गोष्टी त्यातच चर्चेला येतात, त्यामुळे त्यावर नजर हवी.

खाजगी कराराची बाजू पण सोडू नका: इन्कोटर्म्स (खर्च आणि जोखीम कोणाची ते ठरवणाऱ्या अटी), एलसी (बँकेची पैशाची हमी), बिल ऑफ लेडिंग (जहाजावर माल चढल्याची पावती), आर्बिट्रेशनचं (लवादाचं) कलम. भारत सीआयएसजीमध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय माल-विक्रीच्या करारांबद्दलच्या यूएनच्या करारात नाही, म्हणून खरेदीदाराच्या करारात कुठल्या देशाचा कायदा लागू होईल ती ओळ सही करण्याआधी बघायची.

डिग्री, कोर्स, पैसा

डब्ल्यूटीओचे ई-लर्निंग कोर्स फुकट आहेत, सर्टिफिकेट मिळतं, एसपीएसचा आधी करा. ग्रॅज्युएट असाल तर एमएच सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएलबी, रत्नागिरीतही लॉ कॉलेज आहे, त्यासाठी मुंबईला खोली घ्यायलाच हवी असं नाही. पुढे एलएलएम करताना व्यापार कायदा शिकवणारे प्राध्यापक आहेत का ते आधी तपासा, नावावर जाऊ नका. दिल्लीला आयआयएफटीमध्ये सेंटर फॉर डब्ल्यूटीओ स्टडीज आणि सेंटर फॉर ट्रेड अँड इन्व्हेस्टमेंट लॉ आहेत, त्यांचे पेपर वाचा, इंटर्नशिपसाठी अर्ज करा. अर्जासोबत तुमचं काजूचं टिपण जोडा. जॉन जॅक्सन मूटला (डब्ल्यूटीओ कायद्यावरच्या विद्यार्थ्यांच्या अभिरूप खटल्याच्या स्पर्धेला) टीम पाठवता आली तर फारच चांगलं. कृषी किंवा फिशरीजवाल्यांना एक सांगतो, तुमची बाजू वकिलांपेक्षा भक्कम आहे, कारण जोखमीचं मूल्यमापन वाचून त्यातली चूक काढायला फळमाशीचं जीवनचक्र माहीत लागतं.

शेवटची पायरी: ई-पिंगवर नाव नोंदवा

कुठलाही देश नवा एसपीएस किंवा टीबीटी नियम आणणार असेल आणि त्याचा व्यापारावर परिणाम होणार असेल तर त्याने तो आधी डब्ल्यूटीओला कळवायचा असतो, आणि मत द्यायला साधारण ६० दिवस ठेवायचे असतात. ही सगळी नोटिफिकेशन्स ई-पिंग नावाच्या वेबसाइटवर येतात. फुकट अकाउंट उघडा, तुमच्या मालाचा एचएस कोड आणि तुमचे बाजार टाका, ईमेल यायला लागतील. एखादं नोटिफिकेशन आपल्या मालाला लागू दिसलं की मूळ मसुदा डाउनलोड करून एका पानाचं मत लिहा: कुठला बदल, इथे त्याने नेमका कोणाला त्रास, कोडेक्स किंवा आयपीपीसीचं मानक काय म्हणतं, त्यांनी पुरावा काय दिलाय आणि आपलं मागणं काय, मुदत वाढवून हवी की मर्यादा बदलून हवी. ते भारताच्या एन्क्वायरी पॉइंटला, म्हणजे या नियमांसाठी नेमलेल्या सरकारी संपर्क कार्यालयाला पाठवायचं, अन्नाचं असेल तर एफएसएसएआय, झाडं-फळांचं असेल तर केंद्राचं कृषी खातं, आणि प्रत अपेडा किंवा एमपीईडीएला. सोबत बागायतदार संघाचं नाहीतर मच्छीमार सोसायटीचं लेटरहेड लावा. आणि ६० दिवस मोजताना नोटिफिकेशनवर छापलेली शेवटची तारीखच धरा, ईमेल तुम्हाला कधी आला त्यावरून मोजू नका.